फटफटीचा परमार्थ

मोटारसायकलचे भाग एकेक करून मोजायला बसलं, की एक गंमत ध्यानात येते. त्यातला जवळजवळ प्रत्येक भाग मालकाच्या सोयीसाठी असतो. सीट त्याच्या बैठकीसाठी, ब्रेक त्याच्या जिवासाठी, आरसा मागून येणारं संकट पाहण्यासाठी आणि सिग्नलला थांबल्यावर भांग नीट करण्यासाठी. मागचा लाल दिवा तरी दुसऱ्यांसाठी असेल असं कुणी म्हणेल. पण तोही ‘बाबांनो, मला धडकू नका’ एवढंच सांगायला असतो. पैसे मालकाचे आणि सुख शेजाऱ्याचं, असा भाग मला तरी एकच सापडला. तो म्हणजे सायलेन्सर. मालक गाडी पिटाळून पुढे निघून जातो. आवाज आणि धूर मागे राहणाऱ्यांच्या वाट्याला येतात.

या वस्तूचा इतिहासही मोठा बोधप्रद आहे. हायरॅम मॅक्सिम नावाच्या गृहस्थाने १८८४ साली मशिनगन शोधून काढली आणि तिच्या धडधडाटाने तो स्वतः बहिरा होत गेला. त्याच्या मुलाने, हायरॅम पर्सी मॅक्सिमने, १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट मिळवलं. पुढे त्याची कंपनी इंजिनांच्या धुराड्यांचेही सायलेन्सर करू लागली. आपल्याकडे मुलाने केलेलं बापाला निस्तरावं लागतं. तिकडे बापाने केलेला आवाज मुलाने निस्तरला. अमेरिकेत गाडीच्या या नळकांड्याला मफलर म्हणतात. आपल्याकडे मफलर दिवाळी उलटली की पुणेकरांच्या गळ्याभोवती उगवतो आणि संक्रांतीनंतरही उतरायला तयार नसतो. आवाज मात्र त्याने कमी झाल्याचं ऐकिवात नाही.

माझा या विषयाशी संबंध आला तो आमच्या सोसायटीतल्या अण्णांमुळे. अण्णांकडे जुनी येझदी आहे. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ साली बंद पडला, पण अण्णा चालू आहेत म्हणून गाडीही चालू आहे. सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन, असा तिचा थाट. एका तोंडाला दोन मफलर गुंडाळणारी ही एवढीच सभ्य गाडी, असं अण्णा म्हणतात.

मध्यंतरी ही सभ्यता बिघडली. इंजिनाला जिथे नळी जोडलेली असते तिथून काळं तेल ओघळू लागलं आणि गाडी फाटक्या आवाजात बोलू लागली. मेकॅनिकने नट आवळून दिला. चार दिवसांत पुन्हा तेच. आणि याच सुमारास पहिल्या मजल्यावर एक सिस्टर राहायला आल्या. त्यांची रात्रपाळी. सकाळी आठाला घरी यायचं, नवाला पाठ टेकायची. अण्णांची मंडईला जायची वेळ साडेनऊ. सिस्टरांनी कधी तक्रार केली नाही. पण एकदा जिन्यात त्यांचे तांबारलेले डोळे अण्णांनी पाहिले आणि दुसऱ्या दिवसापासून हे पंच्याहत्तर वर्षांचे गृहस्थ गाडी फाटकाबाहेरपर्यंत ढकलत नेऊन मग किक मारू लागले. ते गाडी ढकलत निघाले की वर त्यांच्या पत्नी खिडकीत उभ्या राहून देवाचं नाव घेत.

शेवटी एका रविवारी दुपारी अण्णांनी मला हाक मारली. “अरे, मोकळा आहेस ना? जरा बॅटरी धरायला ये.” गाडी घरी दुरुस्त करताना दोन माणसं लागतात. एकाने काम करायचं आणि दुसऱ्याने मागितलेला पाना सोडून बाकीचे सगळे पाने द्यायचे. हे दुसरं काम मला जन्मजात येतं.

त्या दुपारी मी जे पाहिलं त्याला दुरुस्ती म्हणावी की प्रवचन, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. अण्णांनी आधी आकड्याच्या पान्याने कडीचा नट सोडवला. आतलं तांब्याचं वायसर दबून कडक झालं होतं. त्यांनी ते गॅसवर लाल होईपर्यंत तापवलं आणि पाण्यात टाकलं. मी म्हटलं, “अण्णा, आता आणखी कडक होईल.” ते म्हणाले, “पोलादाचं तसं होतं. तांबं उलट मऊ होतं.” चटके सोसून वर पाणी पडल्यावर काही माणसं पोलाद होतात आणि काही तांबं. सांधा जुळवायला दुसऱ्या जातीची लागतात.

मग बसण्याच्या जागा घासून काजळी काढली. सायलेन्सरमधल्या जाळ्या मागून बाहेर ओढून त्यांचा डांबरासारखा लेप खरवडला. टू-स्ट्रोक गाडी पेट्रोलबरोबर तेलही पिते, त्याचा हा कीट. पूर्वी नळीच्या सांध्यात अॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळत. तिची धूळ फुप्फुसांचा घात करते हे कळल्यापासून अण्णा उष्णता सोसणारी पेस्ट वापरतात. तीही बोटाने पातळ फिरवायची, पुरणासारखी ठासायची नाही. मी एक नट जोरात पिळायला घेतला तर माझ्या हातावर फडकं बसलं. “आधी सगळं सैल लाव! सगळ्यांना आपापल्या जागी बसू दे. मग इंजिनाकडचा आवळ, मग मधला पट्टा, आणि मागचं ब्रॅकेट सगळ्यात शेवटी. मागून ओढाताण केलीस तर पुढचा सांधा वाकडा बसतो आणि हादऱ्याने पुन्हा सुटतो.” लग्नाच्या याद्या करताना हे सूत्र पाळलं असतं तर किती व्याही अजून एकमेकांशी बोलत असते!

चाचणीसाठी आम्ही गाडी ढकलत मैदानात नेली. बंद जागेत इंजिन चालवायचं नाही, हा अण्णांचा दंडक. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो माणसाला न बोलता झोपवतो. अण्णांनी एका सायलेन्सरच्या तोंडावर ओलं फडकं दाबलं, मी दुसऱ्याच्या. सांधा फुटका असेल तर तिथून ‘फुस्स’ व्हायला हवं. झालं नाही. पण आम्ही दोघांनी जरा जास्तच दाबलं आणि गाडी दोन आचके देऊन बंद पडली.

त्या आचक्यांनी मला विचारात पाडलं. सायलेन्सर म्हणजे आवाज दाबणारं यंत्र, अशी आपली समजूत. पण तो दाबत काहीच नाही. जुन्या वाड्यात स्वयंपाकघरात उसळलेला शब्द माजघरातून, ओसरीवरून, पडवीतून फिरत फिरत अंगणात पोचेपर्यंत निवलेला असायचा. सायलेन्सरातही तशाच खोल्या असतात, मधे भिंती, भिंतींना भोकं. तापलेला वायू त्यातून वळसे घेत, पसरत, गार होत बाहेर पडतो. बाहेर पडतो मात्र सगळाच. वाटच बंद केली तर गाडी चालत नाही. घरातल्या सुनेच्या तोंडाला बोळा कोंबून तिच्या सोशिकपणाचे गोडवे गाणाऱ्या मंडळींनी हे मैदानात येऊन पाहावं. तो सायलेन्सर नव्हे, तो बोळा. सायलेन्सर ज्याचा त्याने स्वतःच्या गाडीला बसवायचा असतो. पण दुसऱ्याच्या गाडीला तो बसवून द्यायला जो तो पाना घेऊन तयार!

आता दुसरी बाजू. आमच्याच सोसायटीत एक तरुण आहे. त्याने नव्या बुलेटचा कंपनीचा सायलेन्सर काढून दुसरं नळकांडं बसवलं आहे. तो गाडी चालू करतो तेव्हा माझ्या कपाटातले पेले एकमेकांना भेटतात. मी त्याला एकदा छेडलं. तो म्हणाला, “काका, आवाज असला की लोक बाजूला होतात. सेफ्टी आहे ती.” त्यात तथ्य नाही असं नाही, वाघ आला तरी लोक बाजूला होतात. कायदा त्याच्या विरुद्ध आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम प्रत्येक गाडीला सायलेन्सर सक्तीचा करतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी राहत्या वस्तीला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. असली जप्त नळकांडी रस्त्यावर मांडून पोलीस त्यांवरून रोडरोलर फिरवतात, त्याचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. तो तरुणही रोडरोलरला भितो. चौकात पोलीस दिसला की गाडी मांजरासारखी नेतो.

पण माझा प्रश्न रोडरोलरने सुटत नाही. भीतीने मांजर होणं समजतं. अण्णांना कुणाची भीती होती? त्यांनी एक अख्खा रविवार, दोन नखं आणि एक धोतर खर्ची घातलं, ते कशासाठी? दान दिलं की पावती मिळते. पाणपोई घातली तर लोक पाणी पिताना दिसतात. इथे काम जितकं चोख, तितका त्याचा पुरावा कमी. झोपलेल्या माणसाला आपली झोप कुणी मोडली नाही हे कसं कळणार? मी अण्णांना म्हटलं, “निदान सिस्टरांना सांगा तरी.” अण्णा हात पुसत म्हणाले, “काय सांगू? सिस्टर, आज साडेनऊला तुम्हाला काहीतरी ऐकू आलं नाही, ते मी केलं?”

यावर मला उत्तर सुचलं नाही. आपण ज्यांना चांगली माणसं म्हणतो त्यांतली पुष्कळशी आपल्याला माहीतच नसणार, एवढं मात्र त्या दिवशी पटलं. आपली झोप, आपला अभ्यास, आपल्या घरच्या आजाऱ्याला लागलेला डोळा, यांच्यामागे कुठे कुठे कुणी कुणी नट आवळून ठेवले असतील, त्याचा हिशेब कुणी ठेवला आहे?

महिन्याभराने सिस्टर जिन्यात अण्णांना भेटल्या आणि काळजीने म्हणाल्या, “अण्णा, गाडी विकलीत का हो? हल्ली कळतच नाही कधी जाता ते.”

अण्णा “नाही, आहे की,” एवढंच म्हणाले. पण त्या दिवशी मंडईतून येताना त्यांनी पत्नीसाठी गजरा आणला, आणि तो कशाबद्दल, हे तिलाही सांगितलं नाही.