विळा खालीं ठेवावा कीं नाहीं?

सुगीच्या दिवसांत आमच्याकडे एकच गाऱ्हाणें येतें : कापणी अर्धी राहिली, प्रार्थनेस यावें कसें? आणि एखादे उपदेशक बंधु विचारितात कीं, प्रार्थना चुकवून शेतांत गेलेल्यांस दोष लावावा काय. या प्रश्नाचा विचार करितांना आम्हांस इटली देशांतील बेनेदिक्त नामक साधूचें स्मरण होतें.

हा पुरुष सुमारें इ. स. ४८० मध्यें नुर्सिया गांवीं जन्मला. तरुणपणीं सुबियाको येथील गुहेंत तो तीन वर्षें एकांतांत राहिला, व पुढें सुमारें ५२९ मध्यें त्यानें मोंते कासिनो डोंगरावर मठ स्थापिला. मठवासाचें व्रत आमच्या मंडळीचें नव्हे, आणि तें कोणीं घ्यावें असें आमचें म्हणणेंहि नाहीं. तथापि त्यानें आपल्या बंधूंकरितां लिहिलेला ७३ प्रकरणांचा नियमग्रंथ शेतकऱ्यास परका वाटणार नाहीं. दिवसा सात वेळां व रात्रीं एक वेळ उपासना. मधल्या वेळांत हातांनीं काम आणि शास्त्रवाचन. गरिबीमुळें पीक स्वतःच गोळा करावें लागलें तरी खेद करूं नये, असें तो सांगतो. कारण प्रेषितहि आपल्या हातांच्या श्रमांवर जगत.

अवजारांविषयीं तर त्याचा नियम असा कीं, कोठाऱ्यानें तीं वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणें सांभाळावीं. हें वाचून आम्हीच लज्जित झालों. मंडळीची कुदळ गेला पावसाळाभर आमच्या पडवींत गंजत पडली होती, आणि उपदेश मात्र आम्ही दर रविवारीं केला!

उपासनेची खूण ऐकतांच हातचें काम तेथेंच टाकून यावें, ही ४३ व्या प्रकरणांतील आज्ञा. आम्ही मात्र घंटा ऐकून म्हणतों, एवढी एक पेंढी बांधून येतों. परंतु जो बंधु फार दूर कामावर असल्यामुळें वेळेवर पोहोंचूं शकत नाहीं, त्यानें आहे तेथेंच गुडघे टेकून देवाची उपासना करावी, असें ५० वें प्रकरण म्हणतें. मात्र तो खरोखर दूर आहे कीं नाहीं, हें ठरविणें मठाधिपतीकडे. ज्याच्या त्याच्याकडे नव्हे.

तर ज्याची कापणी अर्धी राहिली त्यास आमचें उत्तर हें : शेत मंदिरापासून हाकेच्या अंतरावर असेल तर विळा खालीं ठेवून या. ओढ्यापलीकडे असेल तर बांधावरच गुडघे टेका. आणि उपदेशक बंधूंनीं त्या दिवशीं त्याचें नांव गैरहजरांत लिहूं नये.