छापील सदरे आणि साचेबद्ध दिलगिरी

परदेशी बाजारात एखादा छापील टी-शर्ट वादात सापडला की विकणाऱ्या कंपनीकडून जे निवेदन निघते, त्याचा मजकूर आता इतका ठरून गेला आहे की कंपनीचे नाव आणि तारीख झाकली तर एका निवेदनाच्या जागी दुसरे सहज खपून जावे. कोणाच्याही भावना दुखावण्याचा हेतू नव्हता; दुखावल्या असल्यास दिलगिरी आहे; माल काढून घेण्यात आला आहे. हरकत कोणी घेतली, कशासाठी घेतली आणि ती कंपनीला का पटली, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नसते, आणि तरीही प्रकरण तेवढ्यावर मिटते. महाराष्ट्रातल्या वाचकाला ‘भावना दुखावल्या’ या शब्दप्रयोगाची ओळख करून देण्याची गरज नाही. पुस्तके, नाटके, चित्रपट यांच्यामागे लागलेली ही सबब त्याच्या चांगल्या परिचयाची आहे. कपड्यांच्या जागतिक व्यापाराने हीच भाषा उचलली, तेव्हा तिच्या आड नेमके काय झाकले गेले, हे मात्र तपासून पाहण्याजोगे आहे.

मे 2018 या एकाच महिन्यातल्या दोन घटना त्यासाठी पुरेशा आहेत. रशियातील विश्वचषक फुटबॉल स्पर्धा तोंडावर आली असताना आदिदास कंपनीने सोव्हिएत संघाची चिन्हे मिरवणारे कपडे आपल्या संकेतस्थळावर विक्रीला ठेवले होते. लिथुआनियाच्या परराष्ट्र खात्याने त्यावर जाहीरपणे आक्षेप घेतला आणि ते कपडे हटवले गेले. त्याच सुमारास गॅप या अमेरिकी कंपनीचा चीनचा नकाशा छापलेला एक टी-शर्ट कॅनडातील दुकानात दिसला, त्याचे छायाचित्र चिनी समाजमाध्यमांवर पसरले आणि त्या नकाशात तैवान नाही, दक्षिण चिनी समुद्रातली बेटे नाहीत, तसेच चीन ज्याला ‘दक्षिण तिबेट’ म्हणतो तो प्रदेशही नाही, अशी ओरड झाली. कंपनीने नकाशा चुकीचा असल्याचे मान्य केले, चीनचे सार्वभौमत्व आणि प्रादेशिक अखंडता यांविषयी आदर व्यक्त केला आणि चिनी बाजारातला तो माल काढून नष्ट केल्याचे सांगितले. चीनचे ‘दक्षिण तिबेट’ म्हणजे बहुतांशी भारताचे अरुणाचल प्रदेश हे राज्य. अंगात घालायच्या एका सदऱ्यापायी एका कपडे विक्रेत्याने सीमाप्रश्नावर मत देऊन टाकले, आणि ते देताना आपण मत देत आहोत असे त्याने कुठेही म्हटले नाही.

या दोन्ही प्रसंगांची नोंद ‘सांस्कृतिक संवेदनशीलता’ या एकाच सदरात केली जाते. वस्तुतः त्या दोन वेगळ्या जातीच्या हरकती आहेत. पहिलीला स्मृतीची हरकत आणि दुसरीला सत्तेची हरकत म्हणता येईल. जून 1941 पासून सोव्हिएत राजवटीने लिथुआनियातल्या माणसांना गुरांच्या डब्यांत कोंबून सैबेरियाकडे नेण्यास सुरुवात केली आणि 1950 च्या दशकाच्या आरंभापर्यंत सुमारे 1,30,000 माणसे अशी हद्दपार झाली. तीस लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात ही संख्या घराघरांत पोचलेली असते. त्या देशाने 2008 मध्ये नाझी आणि सोव्हिएत अशा दोन्ही चिन्हांच्या जाहीर प्रदर्शनावर कायद्याने बंदी घातली, ती याच पार्श्वभूमीवर. अशी हरकत घेणाऱ्याचे म्हणणे एवढेच असते की, या चिन्हाखाली आमचे काय झाले ते जाणून घ्या. नकाशाविषयीच्या हरकतीत कोणाच्या दुःखाची आठवण नसते. आम्ही आखतो तीच रेषा तुम्हीही आखा, अशी ती मागणी असते. पहिल्या हरकतीचे समाधान समजून घेतल्याने होऊ शकते, दुसरीचे केवळ आज्ञापालनाने होते. लिथुआनियाच्या बाजूनेही एक सरकारी खातेच बोलत होते, हे खरे. परंतु हा भेद बोलणाऱ्याच्या दर्जावरून ठरत नाही. त्याला पुढे काय हवे आहे, यावरून तो ठरतो.

या भेदाला सर्वांत मोठा विरोध एका चतुर आणि लोकप्रिय मताचा आहे. कपड्यावर छापले गेले की चिन्ह रिकामे होते. बाजार क्रांतीलाही पचवतो आणि हुकूमशाहीलाही. म्हणून लाल ताऱ्याचा सदरा घालणाऱ्या वीस वर्षांच्या पोराकडे इतिहासाचा हिशेब मागणे हे हास्यास्पद आहे, असे हे मत सांगते. चे गेव्हाराचा चेहरा हा त्याचा हुकमी पुरावा. हवाना बंदरात ‘ला कूब्र’ या जहाजावर स्फोट झाल्यावर मृतांच्या स्मरणार्थ झालेल्या सभेत, 5 मार्च 1960 रोजी, आल्बेर्तो कोर्दा या छायाचित्रकाराने तो चेहरा टिपला. मिलानचे प्रकाशक फेल्त्रिनेल्ली यांनी 1967 मध्ये तो युरोपात नेला. आयरिश चित्रकार जिम फिट्झपॅट्रिक यांनी 1968 मध्ये त्याला लाल-काळ्या रंगांच्या सपाट आकृतीचे रूप दिले. आणि तिथून तो जगभरच्या सदऱ्यांवर गेला. आता त्याचा अर्थ फार तर ‘बंडखोर’ एवढाच उरला आहे, असे या मताचे पुरस्कर्ते म्हणतात, आणि बहुसंख्य घालणाऱ्यांपुरते ते खरेही आहे.

परंतु रिकामेपणा हा चिन्हाचा गुण नसून पाहणाऱ्याच्या अंतराचा परिणाम आहे, ही गोष्ट या मताला कधीच दिसत नाही. चिन्ह तिथेच रिकामे वाटते जिथे त्याच्या नावाने तुरुंग उभे राहिले नाहीत. हवानाच्या ला काबान्या किल्ल्यात 1959 मध्ये चे यांच्या अधिकाराखाली क्रांतिकारी न्यायाधिकरणे बसली आणि माणसांना गोळ्या घालण्यात आल्या. मायामीत राहणाऱ्या क्यूबन निर्वासिताला तो सदरा रिकामा दिसत नाही, आणि बोलिव्हियाच्या डोंगराळ भागातल्या ज्या गावांत चे यांना संताप्रमाणे पुजले जाते त्या गावांतही तो रिकामा नसतो. स्वतः कोर्दा यांनाही चिन्हाच्या रिकामेपणाचा सिद्धांत मान्य नव्हता. या चित्राचे मानधन त्यांनी आयुष्यभर मागितले नाही, परंतु 2000 साली एका व्होडकाच्या जाहिरातीत ते वापरले गेले तेव्हा त्यांनी ब्रिटनमध्ये दावा लावला आणि तडजोडीत मिळालेली रक्कम क्यूबातील औषधोपचारांसाठी देऊन टाकली. चित्राला अर्थ आहे आणि ते कोणी कशासाठी वापरावे याला मर्यादा आहे, असे त्याच्या निर्मात्याचेच मत होते. तेव्हा ‘कापड म्हणजे नुसते कापड’ हा युक्तिवाद ज्याला काही सोसावे लागले नाही त्याच्याच तोंडी शोभतो, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

या ठिकाणी छपाईच्या कारखान्यात थोडे डोकावले पाहिजे, कारण चिन्हांचे भवितव्य विचारवंतांपेक्षा तिथे अधिक ठरते. तमिळनाडूतील तिरुप्पूर हे होजिअरी मालाचे शहर जगभरच्या दुकानांसाठी टी-शर्ट शिवते. परदेशातला ग्राहक चित्राची संगणकीय फाइल पाठवतो. त्या चित्रातल्या प्रत्येक रंगासाठी जाळीची स्वतंत्र चौकट म्हणजे ‘स्क्रीन’ तयार केली जाते. लांब टेबलावर अंथरलेल्या कापडाच्या तुकड्यांवर ती एकामागून एक टेकवून रबरी पट्टीने शाई ओढली जाते. रंग जितके अधिक, तितक्या चौकटी अधिक आणि खर्चही अधिक. दोनतीन सपाट रंगांत, छायांविना मावणारे चित्र छापखान्याला सर्वांत परवडते, आणि राजकीय चिन्हे नेमकी तशीच असतात: तारा, विळा-हातोडा, मूठ, सूर्यकिरण, फिट्झपॅट्रिक यांचे चे. चिन्हांचा हा प्रसार त्यांच्या लोकप्रियतेमुळे झाला असे सरसकट मानले जाते, परंतु चौकटींच्या हिशेबाचाही त्यात वाटा असला पाहिजे. पुढे छपाईचा पहिला नमुना, ज्याला धंद्यात ‘स्ट्राइक-ऑफ’ म्हणतात, तो ग्राहकाकडे मंजुरीला जातो आणि त्यावर रंगाची छटा, शाईचा थर, धुतल्यावर पडणाऱ्या भेगा हे सारे तपासले जाते. शिवलेल्या कपड्यात सुईचा तुकडा राहिला आहे का, हे पाहायलाही यंत्र असते. अर्थ तपासणे हे मात्र या साखळीत कोणाचेच काम नसते.

त्याचा परिणाम झारा या कंपनीच्या दोन प्रकरणांत दिसतो. 2007 साली ब्रिटनमध्ये तिची एक हातपिशवी मागे घ्यावी लागली, कारण फुले आणि सायकलींच्या भरतकामात स्वस्तिके होती; पिशवी भारतात बनलेली होती आणि मंजूर नमुन्यात ती चिन्हे नव्हती, असे कंपनीचे म्हणणे होते. 2014 साली तिच्याच मुलांच्या आडव्या पट्ट्यांच्या सदऱ्यावर पिवळा षट्कोनी तारा आला, आणि तो जुन्या अमेरिकी चित्रपटांतल्या शेरीफच्या बिल्ल्यावरून घेतला आहे, असे स्पष्टीकरण मिळाले. छळछावण्यांतल्या कैद्यांचे पट्ट्यांचे कपडे आणि ज्यूंना सक्तीने लावायला लावलेला पिवळा तारा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तो सदरा पाहून वेगळे काही सुचणे शक्य नव्हते. दोन्ही वेळा हेतू निर्दोष असेल, पण सात वर्षांत ‘हेतू नव्हता’ हेच दुसऱ्यांदा सांगावे लागणे याचा अर्थ पहिल्या दिलगिरीतून काही शिकणे झाले नव्हते.

स्वस्तिकाचा विषय निघाल्यावर मराठी वाचक सावरून बसतो, आणि ते स्वाभाविक आहे. उंबऱ्यापाशी रांगोळीने, तिजोरीवर कुंकवाने काढले जाणारे चिन्ह नाझींनी पळवले, याची शिक्षा मूळ धन्याला का, हा त्याचा प्रश्न न्याय्य आहे. पण त्याच वाचकाच्या परिसरात, नवी मुंबईतील खारघर येथे 2006 साली ‘हिटलर्स क्रॉस’ नावाचे उपाहारगृह निघाले आणि 2012 साली अहमदाबादेत पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानाला ‘हिटलर’ हे नाव देऊन इंग्रजी नावातल्या टिंबाच्या जागी स्वस्तिक घातले गेले. तिथे चिन्ह प्राचीन असल्याची सबब चालत नाही; तिथे युरोपातलेच नाव आणि युरोपातलाच अर्थ आयात केला होता. ज्यू हे इथे परके आहेत असेही नाही. कोकणातले बेने इस्रायली पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले, घाण्यावर तेल गाळत आणि शनिवारी काम बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेले, आणि इस्रायलमध्ये गेल्यावरही त्यांच्यातल्या अनेकांनी ही भाषा सोडली नाही. आपल्या चिन्हाविषयी जगाने जाणून घ्यावे अशी अपेक्षा धरणाऱ्याने दुसऱ्याच्या स्मृतीविषयी तितकेच जाणून घेतले पाहिजे, आणि खारघरच्या वादात ही बाजू मांडायला मुंबईतले ज्यूच पुढे आले होते.

इथवर सारा कल असा दिसेल की स्मृतीची हरकत आली की माल काढावा, आणि जरूर तर कायद्याने काढायला लावावा. हा निष्कर्ष युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या जुलै 2008 च्या एका निकालापाशी अडखळतो. आटिला वायनाई हे हंगेरीतील एका डाव्या पक्षाचे उपाध्यक्ष फेब्रुवारी 2003 मध्ये बुडापेस्ट येथील निदर्शनांत कोटावर पाच सेंटिमीटरचा लाल तारा लावून उभे राहिले, आणि हुकूमशाहीचे चिन्ह वापरल्याबद्दल दोषी ठरले. हंगेरीने सोसलेले खोटे नव्हते. तरीही न्यायालयाने ही दोषसिद्धी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग असल्याचे ठरवले: ताऱ्याला एकाहून अधिक अर्थ आहेत, तो कामगार चळवळीचाही आहे, आणि पीडितांची अस्वस्थता समजण्यासारखी असली तरी केवळ तिच्यावरून बोलण्याच्या मर्यादा आखता येत नाहीत. या निकालातले तर्क बाजूला सारणे कठीण आहे, कारण स्मृतीला एकदा कायद्याची काठी मिळाली की ती सत्तेच्या हरकतीपासून वेगळी ओळखू येत नाही. स्मृतीची सारी प्रतिष्ठा ती ऐकणाऱ्याच्या विवेकाला साद घालते यात आहे. दंडाच्या बळावर ती ऐकायला लावली की समोरच्याला पुन्हा केवळ आज्ञा पाळायची उरते. तेव्हा आरंभी केलेला भेद टिकतो, परंतु तो बंदीच्या बाजूने वापरता येत नाही.

मग उरतो तो विक्रेता. त्याला कायद्याने गप्प करू नये हे मान्य केल्यावर तो निव्वळ वाहक आहे, ही समजूतही सोडावी लागते. फ्रेड पेरी या ब्रिटिश कंपनीचे उदाहरण यासाठी मोलाचे आहे, कारण तिच्या कपड्यावर कोणतेही राजकीय चिन्ह नव्हते. काळ्या कापडाचा, पिवळ्या दुहेरी किनारीचा तिचा पोलो शर्ट अमेरिकेतील ‘प्राउड बॉइज’ या उग्र उजव्या संघटनेने गणवेशासारखा घालायला सुरुवात केली, तेव्हा कंपनीने अमेरिकेत त्या रंगसंगतीची विक्री थांबवली आणि सप्टेंबर 2020 मध्ये जाहीर निवेदन दिले. त्यात भावना दुखावल्याचा उल्लेख करण्याऐवजी तिने सांगितले की कंपनीचा संस्थापक हा श्रमिक वर्गातल्या समाजवादी खासदाराचा मुलगा होता, त्याने पूर्व युरोपातून आलेल्या एका ज्यू व्यावसायिकाबरोबर हा धंदा सुरू केला, आणि या संघटनेशी आपला संबंध नाही व नको आहे. मान्य असो वा नसो, हे उत्तर कारणांसह दिलेले होते. कोणत्या हरकतीला मान दिला आणि का, हे वाचणाऱ्याला कळत होते आणि त्यावर वाद घालता येत होता. गॅपच्या निवेदनाशी वाद घालता येत नाही, कारण त्यात कोणी बोलतच नाही.

कारणे सांगणे स्वस्त असते तेव्हाच कंपन्या ती सांगतात, हा आक्षेप इथे येणारच, आणि तो खरा आहे. फ्रेड पेरीने एक रंगसंगती गमावली. चीनला कारण विचारणाऱ्याला आख्खी बाजारपेठ गमवावी लागू शकते. एच अँड एम या स्वीडिश कंपनीचे, चीनच्या शिनजियांग प्रांतातील सक्तीच्या मजुरीच्या आरोपांवर चिंता व्यक्त करणारे, तिथल्या कापसाबाबतचे जुने निवेदन मार्च 2021 मध्ये चिनी समाजमाध्यमांवर वर आले, तेव्हा तिचा माल तिथल्या मोठ्या विक्रीस्थळांवरून आणि तिची दुकाने नकाशांच्या ॲपवरून नाहीशी झाली. ही किंमत मोठी आहे. पण ती टाळण्यासाठी जे दिले जाते ते दुसऱ्याच्या मालकीचे असते: तैवानच्या लोकांचा स्वतःविषयी बोलण्याचा हक्क, अरुणाचलमधल्या तवांगमध्ये राहणाऱ्या माणसाचा पत्ता. दिलगिरी व्यक्त करणाऱ्याचा त्यात तोटा होत नाही.

हाच नियम भारतीय वाचकाला स्वतःवरही लावावा लागतो, आणि तिथे तो अवघड जातो. 1961 च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमानुसार भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा सहा महिन्यांपर्यंत कैदेस पात्र गुन्हा आहे. उद्या एखाद्या परदेशी कंपनीने अरुणाचल किंवा लडाखचा काही भाग वगळून भारताचा नकाशा सदऱ्यावर छापला, तर इथेही तो माल जाळण्याची मागणी होईल, आणि ती स्मृतीची हरकत नसून सत्तेचीच हरकत असेल, भले नकाशाबाबतची आपली बाजू न्याय्य असो. ती न्याय्य असल्याचे पटवून देण्याचा, चुकीचा नकाशा विकत न घेण्याचा आणि त्या कंपनीकडे खुलासा मागण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. सदरा नष्ट करायला लावून चीनने गॅपकडून जे वदवून घेतले तेच आपणही वदवून घ्यावे, असा हक्क मात्र त्यातून निघत नाही.