छताला आंघोळ घाला असं कोणी सांगितलं होतं?

सगळे इकडे या. मोबाईल खिशात. तो पंखा कोणी बंद करू नका, या गाडीला आता वाऱ्याशिवाय कोणी वाली नाही.

एकेक करून आत चढा आणि वर बघा. तिसऱ्या आणि चौथ्या रांगेच्या मधे छताचं कापड दोरीवरच्या ओल्या धोतरासारखं लोंबतंय. दिसलं? आता "सर, ते आधीच थोडं सैल होतं" हे वाक्य मला पुन्हा ऐकायचं नाही. गाडी ताब्यात घेताना आतले फोटो काढायचे, हा नियम आहे आणि फोटो तुम्हीच काढलेत. त्यात छत ताठ आहे. नियम पाळलात त्याबद्दल शाबास. त्याच नियमाने तुम्हाला पकडलं.

हे छत म्हणजे काय, हे मी गेल्या महिन्यात फळ्यावर काढून दाखवलं होतं. वर कडक पाटी, तिला खालून चिकटवलेला दोन-तीन मिलिमीटरचा फोम, त्याखाली विणलेलं पातळ कापड. खिळा नाही, शिलाई नाही. सगळा संसार गोंदावर. वर्षानुवर्षं टपावरच्या उन्हात तापून तो फोम भुसभुशीत होत जातो. दमट हवा त्याला आतून आणखी कुजवते. कापड वरून ठणठणीत दिसतं, पण आत फोमची माती व्हायला लागलेली असते. अशा छतावर तुम्ही काय केलंत? बादलीत कपडे धुवायची पावडर कालवलीत, कपडे घासायचा ब्रश घेतलात आणि दोघांनी मिळून वरून घासलंत. पाणी फोमने पिऊन घेतलं, कापड जड झालं, ब्रशने ते ओढलं गेलं, गोंदाने हात टेकले. यात नशिबाचा काही संबंध नाही. जे होणारच होतं ते झालं.

आणि दिव्यांचं काय? त्याच छतात दिव्यांच्या पट्ट्या आहेत, स्पीकर आहेत, त्यांच्या वायरी पाटीच्या वरून फिरल्या आहेत. बॅटरीची निगेटिव्ह काढली होती का? कोणी काढली? कोणीच नाही. मग पुढे जाऊ.

छत कोरडंच साफ करायचं असतं. मऊ केसांचा ब्रश लावलेला व्हॅक्यूम, हलका हात, एकाच दिशेने. बहुतेक वेळा तेवढ्यावर काम संपतं. हाताचे तेलकट ठसे उरले तर क्लीनर फडक्यावर मारायचा, छतावर नाही. फडकं ओलसर हवं, ओलं नव्हे. दाबायचं, उचलायचं, फडक्याची घडी बदलायची. आणि डागापुरतं गोल पुसून थांबायचं नाही, नाहीतर डाग जातो आणि पाण्याची कड राहते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अख्खा पट्टा सारख्या ओलाव्याने पुसून काढायचा. हाताला रग लागते, मान दुखते, कबूल. म्हणूनच गिऱ्हाईक पैसे मोजतं. बादली ओतायला त्याला तुमची गरज नव्हती.

दुसरं. आधी सीट धुतल्या आणि मग छताला हात घातला, ही अक्कल कोणाची? घरात जाळी काढताना तुमची आजीसुद्धा आधी फरशी पुसत नाही. छत, मग एसीच्या जाळ्या, मग पडदे आणि खिडक्यांच्या कडा, मग सीट, आणि शेवटी खालची मॅट. छतावरचा मळ धुतलेल्या सतरा सीटांवर पडला, तो तुम्ही पुन्हा ओल्या फडक्याने पुसलात, म्हणजे सीट दोनदा भिजल्या.

आता या लाल डागांकडे या. सगळ्यांनी वाका आणि नीट बघा.

ही गाडी कुठून आली होती? जेजुरीहून. सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला जाते, आणि त्या दिवशी तिथे माणसं पिवळी होतात, दगड पिवळे होतात, हवा पिवळी होते. ती माणसं गडाच्या पायऱ्या उतरून याच गाडीत बसली. केसात भंडारा, खांद्यावर भंडारा, खिशात पुडी. मागच्या सीटवर पोरांनी उधळलाही असेल. गाडी आली तेव्हा डाग पिवळे होते. तुमच्या हातून गेल्यावर ते विटकरी लाल झाले, आणि तुमच्यापैकी एका महाभागाने मला येऊन सांगितलं की "सर, खाली कुंकवाचे डाग होते, ते वर आले." कुंकू नव्हतं रे. हळद होती.

भंडारा म्हणजे हळद. हळदीतला पिवळा रंग आम्लारीला लागला की लाल होतो. शाळेत हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकून तुम्ही हा प्रयोग केला आहे, वहीत आकृती काढून मार्क घेतले आहेत. कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो, तिचं पाणी चांगलंच आम्लारीधर्मी असतं. शाळेतला तोच प्रयोग तुम्ही लोकांच्या सीटवर केलात, आणि निकाल समोर असूनही ओळखला नाहीत. आठवीचं पुस्तक आठवीतच ठेवून आलात याचा मला जास्त राग आहे. पावडर वाया गेली तर दुसरी आणता येते.

हळदीचा रंग पाण्यात नीट विरघळत नाही, हेही लक्षात ठेवा. म्हणजे पाणी मारून तो निघत नाही, फक्त पसरतो आणि धाग्यात आत जातो. कोरडा भंडारा ही खरं तर सोपी गोष्ट होती. सीट खालून टिचकी मारून हलवायची, वर आलेली भुकटी व्हॅक्यूमने ओढायची, पुन्हा टिचकी, पुन्हा व्हॅक्यूम. शिवणीत अरुंद तोंडाची नळी. पाण्याचा थेंब न वापरता यातला बहुतेक रंग डब्यात गेला असता. उरलेल्या पिवळटपणाला आयसोप्रोपिल अल्कोहोल, पांढऱ्या फडक्यावर घेऊन, आधी सीटच्या मागे न दिसणाऱ्या जागी तपासून, टिपत टिपत. दारं उघडी, जवळपास विडी-काडी नाही. रेक्झिनवर ते जपून, कारण रेक्झिन कोरडं पडून तडकतं. आणि छतावर मुळीच नाही, तिथे ते गोंदालाच खातं. त्यानंतर पडदे बाजूला सारायचे आणि गाडी उन्हात लावायची. हळद उन्हात उडते. हळदीच्या दिवशीचे कपडे वाळत घालणाऱ्या कोणत्याही बाईला हे ठाऊक असतं, आणि तुमच्याकडे प्रमाणपत्राचा अर्ज भरून तयार आहे.

आता जे लाल झालंय त्यावर पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर टिपायचं. आम्ल लागलं की लाल पुन्हा पिवळं होतं. होतं म्हणजे जात नाही, फक्त तुम्ही मूळ जागी परत येता. तिथून अल्कोहोल, तिथून ऊन. बाहेर झड लागली आहे, ऊन कधी पडेल ते वेधशाळेला विचारा.

आणि ही बाटली. ही इथे कोणी आणली? ब्लीच. सकाळी मी आलो तेव्हा व्हिनेगरच्या बाटलीशेजारी, बंद गाडीत, सीटवर ठेवलेली होती. ही चूक मी हसण्यावारी नेणार नाही. ब्लीचमध्ये आम्ल मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. खिडक्या बंद, दार लोटलेलं, आत वाकून काम करणारा मुलगा. पुढचं मी सांगत नाही. ब्लीचने सीटच्या कापडाचा रंग गेला असता हा भाग वेगळाच. आजपासून ही बाटली या शेडमध्ये दिसली तर ती आणणाऱ्याने त्याच दिवशी घरी जायचं.

एसीच्या जाळ्या कोणाकडे होत्या? गप्प का? या गाडीचा एसी आतलीच हवा ओढून पुन्हा आत फेकतो. वरच्या जाळ्यांत भंडाऱ्याचा थर बसला होता. तो तसाच ठेवून तुम्ही सीट वाळवायला एसी पूर्ण जोरात लावलात. मग पिवळा धूर झाला म्हणून ओरडत बाहेर आलात. तो धूर नव्हता, तुम्ही न काढलेला भंडारा होता, आणि तो ओल्या सीटांवर जाऊन बसला. खंडोबानेच उधळला म्हणायचा.

सीटच्या आतल्या ओलीबद्दल बोलायला मला सकाळपासून धीर होत नाहीये. हात दाब इथे. जोरात. आलं ना पाणी? गादीतला फोम कितीही पाणी पितो आणि सोडताना रडवतो. पावसाळ्यात एक-दोन दिवसांत आतून सुकला नाही तर बुरशी धरते, आणि मग तो कुबट वास साबणाने जात नाही, अत्तराने तर नाहीच नाही. ज्याने डॅशबोर्डवर मोगऱ्याची बाटली उपडी केली त्याने पुढे यावं. मोगरा आणि बुरशी एकत्र आले की घाटातल्या पहिल्याच वळणावर निम्मी गाडी पिशव्या मागते.

घाटातल्या त्या पिशव्यांबद्दलही ऐका, कारण पुढची गाडी आंबेनळीतून येणार आहे. उलटीवर गरम पाणी ओतायचं नाही, उष्णतेने त्यातली प्रथिनं धाग्यात बसतात. आधी खरवडून उचलायचं, मग थंड पाण्याने टिपायचं, मग एन्झाइमचा क्लीनर लावून त्याला वेळ द्यायचा. तो आपलं काम आपल्या गतीने करतो. तुम्ही वर ब्लीच किंवा उकळतं पाणी ओतलंत तर तो मरतो आणि वास राहतो.

सीटला पाणी लावायचं तर फवाऱ्याने, मोजून, आणि लगेच पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने बाहेर काढायचं. जेवढं घातलं त्याच्या जवळपास परत टाकीत दिसलं पाहिजे. फेस कमी. फेसाचा अंश सीटमध्ये राहिला तर तो चिकट होतो आणि महिनाभरात सीट आधीपेक्षा काळी दिसते. हेडरेस्टवर खोबरेल तेल असतं, तिथे सौम्य शाम्पूचं पाणी दोनदा लावावं लागतं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून, चिमटा लावून, सौम्य साबणाने पुसायचा आणि वाळल्यावरच आत सोडायचा. पुशबॅकच्या खटक्यात पाणी सोडायचं नाही. एवढं पुरे, हे सगळं तुमच्या वहीत आहे. वही उघडली असती तर मी आत्ता चहा पीत असतो.

मला खरा प्रश्न वेगळाच पडलाय. तुम्ही ही गाडी दुपारच्या जेवणाआधी संपवायला निघालात, कारण काल एक स्विफ्ट तेवढ्या वेळात झाली होती. ही ट्रॅव्हलर आहे. 1987 पासून हे मॉडेल रस्त्यावर आहे, बनवणाऱ्या कंपनीचं नाव 2005 मध्ये बजाज टेम्पोचं फोर्स मोटर्स झालं, तरी लोक हिला टेम्पो ट्रॅव्हलरच म्हणतात. अष्टविनायक असो, कोकण असो, लग्नाचं वऱ्हाड असो, हीच गाडी. आणि प्रत्येक मालक आतलं काम आपल्या हौसेने करून घेतो. कुठे छताला रेक्झिन, कुठे मोल्डिंगचा पत्रा, कुठे कापड. रेक्झिनच्या छताला चाललेली पद्धत कापडाला लावता येत नाही. म्हणून आधी बोटाने दाबून बघायचं, कोपऱ्यात नखाने चाचपायचं, मालकाला विचारायचं. तुम्ही कोणाला काही विचारलं नाही. विचारलं तर आपल्याला येत नाही असं दिसेल, ही भीती. आता काय दिसतंय?

आता छताचं. स्टेपलर खाली ठेव. फेविकॉलही ठेव, तो कापडातून पाझरून पांढरा डाग देतो. भुसा झालेल्या फोमवर कोणताच गोंद धरत नाही. पट्टी काढावी लागेल, पाटी उतरवून जुना फोम घासून काढावा लागेल, नवं फोमचं कापड उष्णता सोसणाऱ्या स्प्रे गोंदाने लावावं लागेल. उन्हात टप तापला की साधा गोंद मऊ पडतो. हे काम तुमचं नाही, कुशनवाल्याचं आहे. त्याचं बिल संस्था भरेल, आणि तुम्ही दोघं त्याच्या हाताखाली उभे राहून पाटी कशी उतरते ते बघाल. बाकीच्यांनी सीटचे बोल्ट सैल करून गाद्या बाहेर काढायच्या, उभ्या करून पंख्यासमोर लावायच्या. इंजिन चालू ठेवून एसी लावायचा असेल तर आधी जाळ्या धुवायच्या आणि गाडी शेडच्या बाहेर घ्यायची, आत धूर कोंडतो.

शुक्रवारी पहाटे या गाडीचं अक्कलकोटचं भाडं आहे. ड्रायव्हरकाकांना अजून काही माहीत नाही. फोन मी करणार नाही. तू कर, ब्रश तुझ्या हातात होता. छत आधीच सैल होतं असं म्हणायचं नाही. काय केलं ते सांगायचं, गाडी कधी मिळेल ते सांगायचं, आणि पर्यायी गाडीसाठी संस्था बोलायला तयार आहे हेही सांगायचं. ते ओरडतील, पूर्ण ओरडू दे, मधे बोलू नकोस. लाव फोन. स्पीकरवर ठेव.