हवाई करारांत नसलेला प्रवासी

बुलढाणा शहराला रेल्वे नाही आणि जिल्ह्यात नियमित प्रवासी विमानसेवाही नाही. मोताळ्याची मुलगी अमेरिकेत शिकायला निघाली की मलकापूरला येऊन गाडी धरते आणि जवळपास पाचशे किलोमीटरवरची मुंबई गाठते. चिखली-मेहकरची मुलगी रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसते. तिथून पुढे तिला कोणत्या कंपनीचे विमान मिळेल, ते कुठे थांबेल, तिकीट कितीला पडेल, हे बऱ्याच अंशी दोन सरकारांमधल्या हवाई सेवा करारांवर ठरते. त्या वाटाघाटींत विमान कंपन्यांचे हित पै-पैने मोजले जाते. या मुलीचे हित तिथे कोणी मांडत नाही, आणि माझा आक्षेप नेमका यालाच आहे.

1944 च्या शिकागो परिषदेने आपल्या आकाशावरचे प्रत्येक देशाचे सार्वभौमत्व मान्य केले. त्यामुळे दुसऱ्या देशात नियमित विमान न्यायचे तर त्याची परवानगी लागते. अमेरिका आणि ब्रिटन यांचा 1946 चा बर्म्युडा करार पुढच्या अनेक करारांचा नमुना ठरला. ब्रिटनला तो जाचू लागला आणि 1977 मध्ये अधिक कडक करार झाला. लंडनच्या हीथ्रोहून अमेरिकेला उडण्याचा हक्क पुढे दोन्ही देशांच्या मिळून चारच कंपन्यांना उरला. ही कोंडी फुटली ती युरोपीय संघ आणि अमेरिका यांच्यातल्या खुल्या आकाशाच्या कराराने. त्याचा अंमल 30 मार्च 2008 ला सुरू झाला. एकमेकांचे जुने मित्र असलेल्या श्रीमंत देशांनाही अटलांटिकवरचे आकाश मोकळे करायला तीस वर्षे लागली, ती आपापल्या कंपन्यांची काळजी वाहण्यात.

भारताची काळजी तर रास्तच होती. अमेरिकेशी झालेला 1946 चा करार भारताने 1954 मध्ये नोटीस देऊन रद्द केला, कारण बलाढ्य अमेरिकी कंपन्या हव्या तितक्या जागा घेऊन उतरू लागल्या तर एअर इंडिया उभीच राहिली नसती. 1956 मध्ये नवा करार झाला. 1960 मध्ये एअर इंडियाचे बोइंग न्यूयॉर्कला पोहोचले. तेव्हाच्या सरकारला याबद्दल दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

प्रश्न आजच्या धोरणाचा आहे. एप्रिल 2005 मध्ये अमेरिकेशी खुल्या आकाशाचा करार झाला, तेव्हा नागरी उड्डाण मंत्री होते विदर्भातल्या गोंदियाचे प्रफुल्ल पटेल. त्या कराराने अमेरिकी कंपनी उद्या नागपूरलाही उतरू शकते. ती उतरत नाही, कारण इतक्या लांबचे विमान भरण्याइतके प्रवासी तिथे नाहीत. 2016 च्या धोरणाने दिल्लीपासून पाच हजार किलोमीटरपलीकडच्या देशांना, परस्पर तत्त्वावर, असेच मोकळे दार दिले. अलीकडच्या बहुतेक देशांसाठी मात्र जागांचे गणित कायम राहिले, आणि आखात नेमके त्या वर्तुळाच्या आत येते. दुबईशी 2014 मध्ये ठरलेली मर्यादा आठवड्याला प्रत्येक बाजूस सुमारे 65 हजार जागांची आहे. दुबईने आपला वाटा केव्हाच वापरून संपवला. म्हणजे लहान शहरातून जिथे विमान भरू शकते, आणि जिथून पुढे अटलांटिकपारही जाता येते, तिथले दार अरुंद ठेवायचे आणि जिथे कोणी येणारच नाही तिथले सताड उघडे ठेवायचे.

यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे. आखाती कंपन्या आपले प्रवासी गोळा करून युरोप-अमेरिकेला नेतात, मग दिल्ली-मुंबईत मोठी केंद्रे उभी कशी राहणार? भीती खरी आहे, पण ती महानगरांबाबत; लहान शहरांचा अनुभव वेगळा आहे. आग्नेय आशियाच्या कंपन्यांना भारताने अठरा पर्यटनस्थळे खुली केली होती. तसा प्रस्ताव वाजपेयींनी 2003 मध्ये बालीत मांडला होता. त्या यादीत औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, होते. अजिंठा तिथून गाठता येतो, लोणारही. तरीही तिथे परदेशी विमानांची रांग लागली नाही. हज यात्रेची विमाने सोडली तर तिथून नियमित आंतरराष्ट्रीय सेवा उभी राहिलेली नाही.

या अनुभवातून दोन गोष्टी दिसतात, आणि त्यातली एक माझ्याच बाजूच्या लोकांना रुचणारी नाही. लहान विमानतळ खुले केल्याने पूर येत नाही. पण कागदावरच्या हक्काने विमानही येत नाही. सुरुवातीची दोन-तीन वर्षे रिकाम्या जागांचा भार कोणीतरी उचलावा लागतो. आसाम सरकारने 2019 मध्ये गुवाहाटी-ढाका सेवेसाठी तो उचलला.

म्हणून आखाती देशांशी पुढची बोलणी होतील तेव्हा नागपूर आणि संभाजीनगरच्या जागा एकूण मर्यादेत धरूच नयेत, आणि रिकाम्या जागांची हमी महाराष्ट्र सरकारने द्यावी. वाटाघाटींच्या आधी केंद्र सरकार विमान कंपन्यांचे म्हणणे ऐकते, तसे राज्याचेही ऐकावे. संभाजीनगरहून आखातात नियमित जाणारी भारतीय कंपनी आज एकही नाही. मग इथे नेमका कोणाचा धंदा राखला जातो आहे, याचे उत्तर नागरी उड्डाण मंत्रालयाने द्यायला हवे.