न सांगणं आणि लपवणं

गेल्या भाऊबीजेला भावाबरोबर भाचीही आली होती. वय ३१, हिंजवडीत नोकरी, वाकडला दोन मैत्रिणींसोबत भाड्याचा फ्लॅट. ओवाळून झालं, जेवणं झाली, आणि ओट्याशी माझ्या शेजारी उभी राहून तिनं फोन पुढे केला. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला एक सोय असते : अमके अमके सोडून बाकी सगळ्यांना दिसो. तिच्या त्या ‘सोडून’मध्ये ४२ नावं होती. आई, बाबा, दोन्ही काका, नाशिकची मामी... आणि मी.

“रागावू नकोस आत्या,” ती म्हणाली. “तू कुणाला सांगणार नाहीस, माहितीये. पण बाबांनी विचारलं तर तुला खोटं बोलता येत नाही.”

या ४२ जणांपासून लपवलेलं होतं तरी काय? पवना धरणाकाठचे तंबू, शेकोटी, ऑफिसातले सात-आठ जण, त्यात चार मुलगे. एका फोटोत टेबलाचा कोपरा कापलेला. तिथे ग्लास होते. बस, एवढंच. चार वर्षांपूर्वी असाच एक फोटो मामीने स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवला आणि तो आईच्या आधी एका स्थळाकडे पोचला. स्थळ मोडल्याचं तिला काही वाटलं नाही. आई आठ दिवस बोलली नाही, ते मात्र लागलं.

मोठ्या माणसांचं सगळंच घरच्यांना पूर्वी तरी कुठे कळत होतं? कोकणातून, घाटावरून गिरणगावात आलेले गडी एकेका खोलीत दहा-पंधरा जण राहत, खाणावळीत जेवत. ते सुटीच्या दिवशी कुठे जातात, कुणाबरोबर बसतात, हे गावाला ठाऊक नसे. मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली दोन ओळींची जागा असे, तिथे ‘सर्व खुशाल’ लिहिलं की झालं. त्याला कुणी खोटेपणा म्हणत नव्हतं. मधलं अंतरच सगळं झाकून घेई.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. फेब्रुवारी २०१७ मध्ये चोवीस तासांत पुसलं जाणारं फोटोचं स्टेटस आलं. अंतर मिटलं. आधी नुसतं न सांगून भागायचं, ते आता ठरवून लपवावं लागतं, आणि लपवणाऱ्याला रोज हिशेब ठेवावा लागतो : कुणाला काय सांगितलंय, कुणाच्या फोटोत आपण टॅग झालोय. हा हिशेब माणसाला आतून थकवतो. भाचीच्या चेहऱ्यावर मला तो थकवा दिसला.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०१८ मध्ये हादिया प्रकरणात, सज्ञान स्त्रीने कुणाशी लग्न करायचं हे तिचं तिने ठरवावं, असं त्याच न्यायालयाने सांगितलं. त्याच वर्षी परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्हा उरले नाहीत. आपल्या घरांत मात्र मुलगी सज्ञान होते ती लग्नाच्या मुहूर्तावर. मुलांना थोडी सूट असते. पण ज्याला मुलीशी लग्न करायचंच नाही, त्या मुलाला ती सूट काय कामाची? घरी कळलं तर मारहाण किंवा बळजबरीचं लग्न ज्याच्या वाट्याला येईल, त्याला ‘लपवू नकोस’ म्हणायची माझी छाती नाही.

आईबाप म्हणतात, आम्ही काळजीपोटी विचारतो. काळजी खरीच असते, मीही ती केली आहे. पण ‘ऑफिसचं काम आहे’ सांगून धरणावर गेलेली मुलगी तिथे अडचणीत सापडली, तर पहिला फोन घरी करत नाही. ज्या क्षणासाठी एवढी काळजी वाहिली, नेमक्या त्याच क्षणी आपण तिच्या उपयोगाचे उरत नाही. याहून मोठं नुकसान मला दिसत नाही, आणि त्याचा दोष मी मुलीला देणार नाही.

या दिवाळीत तुमची मुलं चार दिवस घरी येतील. त्यांचा फोन मागू नका. ती आपणहून बोलतील तेवढं ऐका, आणि ऐकलेलं मामीला, काकूला, कुणालाही कळवू नका.