डाग आणि डागिना

सरकारी अर्जांत पूर्वी एक रकाना हमखास असे: शरीरावरील ओळखीची खूण. माझ्या त्या रकान्यात आयुष्यभर एकच ओळ गेली, 'डाव्या भुवईवर जुना वण'. सहाव्या वर्षी वाड्याच्या ओट्यावरून पडलो, तीन टाके पडले. कोणी विचारलं की ती गोष्ट मी आजही तिखटमीठ लावून सांगतो. आपल्या वणाची गोष्ट अशी चारचौघांत सांगता येणं ही चैन आहे, हे कळायला मात्र बराच काळ गेला. ज्यांचा वण मारहाणीचा, जाळल्याचा किंवा स्वतःच्याच हातचा असतो, ती माणसं हा रकाना भरताना दुसरी एखादी खूण शोधतात. तीळ बरा पडतो. तिळाला कोणी 'हे कशानं झालं?' असं विचारत नाही.

असे वण टॅटूखाली घेणं आता शहरांत नवलाचं राहिलेलं नाही. सिझेरियनच्या रेघेवर वेल चढते, भाजल्याच्या खुणेवर मोरपीस येतं, मनगटावरच्या रेघांतून एखादं पाखरू उडतं. यावर आपल्याकडे दोन मतं लगेच तयार असतात. एक म्हणतं, झाकायचं कशाला, आहे ते स्वीकारावं. दुसरं म्हणतं, वा, काय हिंमत! दोन्ही मतं देणाऱ्यांच्या अंगावर बहुधा तसला वण नसतो. मला यात एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. वण कोणाच्या हातचा, आणि त्यावरची शाई कोणाच्या मर्जीची?

आपल्या भाषेला या भानगडीची जाण असावी. डाग म्हणजे कपड्यावरचा डाग, चटक्याची खूण, अब्रूला लागलेला कलंक. पण जुन्या माणसांच्या बोलण्यात डाग म्हणजे दागिनाही. 'मुलीच्या लग्नात दोन डाग मोडले' असं म्हणत, आणि दागिन्याला डागिना. घराची डागडुजी करतो तेव्हाही हाच शब्द हाताशी असतो. कलंक, अलंकार आणि दुरुस्ती एकाच घरात नांदतात. वण गोंदवून घेणारी बाई या घराच्या एका खोलीतून दुसरीत जात असते.

ते जाणं सोपं मात्र नसतं. वणाची कातडी ही नेहमीची कातडी नव्हे. जखम भरताना शरीर घाईघाईने कोलॅजनचे धागे विणतं. निरोगी त्वचेत ते जाळीसारखे असतात, वणात बरेचसे एकाच दिशेने ओढलेले. तिथे केस उगवत नाहीत, घाम येत नाही. कुठे स्पर्श बधिर, तर कुठे नको तितका हळवा. अशा जागी शाई सरळ बसत नाही; कुठे फुटते, कुठे धरतच नाही. म्हणून जाणता कलाकार निदान वर्षभर थांबायला सांगतो. वण लाल, खाजरा किंवा अजून वाढणारा असेल तर सुईच लावत नाही. केलॉइड, म्हणजे जखमेच्या हद्दीबाहेर फुगत जाणारा वण, सावळ्या त्वचेत अधिक आढळतो. ज्याला तो एकदा झाला, त्याला सुईच्या टोचण्यानेही पुन्हा होऊ शकतो. त्याने आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. सुई नवी, आपल्यासमोर फोडलेली हवी. नाहीतर कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही यांना दार उघडं. डिझाइनचंही एक शहाणपण असतं. वणावर काळा चौकोन थापला तर उंचवटा अधिकच उठून दिसतो. चांगला कलाकार वणाची रेघ पानाची शीर म्हणून वापरतो, फांदी म्हणून वापरतो. वण नाहीसा होत नाही, तो चित्रात कामाला लागतो.

शाई टिकते कशी, हे तर त्याहून विलक्षण आहे. सुई टोचली की शरीर ती जखमच समजतं आणि साफसफाईला मॅक्रोफेज नावाच्या पेशी धावून येतात. त्या रंगाचे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांवर दाखवून दिलं, की अशी पेशी मेली की रंग मोकळा होतो आणि तिच्या जागी आलेली नवी पेशी तो पुन्हा गिळते. म्हणजे टॅटू हा एकदा लागलेला रंग नसून पिढ्यानपिढ्या हातोहात सांभाळलेली ठेव आहे. ती सांभाळतात त्या पेशी जखम भरण्याच्या कामातल्याच.

रशियातल्या उफा शहरात येव्हगेनिया झाखर ही टॅटू कलाकार घरात मार खाल्लेल्या बायकांचे वण 2016 पासून विनामूल्य गोंदवून देऊ लागली. तिला ही कल्पना ब्राझीलमधल्या कुरितिबाच्या फ्लाविया कार्व्हालो हिच्या कामावरून सुचली. झाखरकडे नवऱ्याने, बापाने, प्रियकराने दिलेल्या खुणा घेऊन बायका आल्या आणि फुलं, पाखरं, फुलपाखरं घेऊन गेल्या. इथे टाळ्या वाजवून लेख संपवता आला असता. पण 2017 च्या फेब्रुवारीत त्याच रशियाने कायदा बदलला. घरातल्या माणसाने पहिल्यांदा मारलं आणि गंभीर इजा झाली नाही, तर तो फौजदारी गुन्हा उरला नाही. दंडावर भागू लागलं. ब्राझीलमध्ये मात्र 2006 पासून मारिया दा पेन्हा हिच्या नावाचा, घरगुती हिंसेविरुद्धचा कडक कायदा आहे. नवऱ्याच्या गोळीने तिला कायमचं चाकाच्या खुर्चीत बसवलं, तिने जवळपास दोन दशकं न्यायासाठी झगडा केला, त्यातून तो आला. फूल दोन्हीकडे तितकंच सुंदर असेल. पण एका देशात ते फिर्यादीच्या जोडीला उभं आहे, दुसऱ्यात फिर्यादीच्या जागी. वण झाकला म्हणून वण देणारा झाकला जाऊ नये, एवढी काळजी घ्यावी लागते, आणि ती टॅटू कलाकाराने एकटीने घ्यायची नसते.

शाई मुळात पुण्यवान आहे असंही नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात बंगालमध्ये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदवत. त्याला 'गोदना'च म्हणत. ती शिक्षा 1849 मध्ये बंद झाली. तोवर माणसं ते कपाळ फेट्याखाली, केसांखाली लपवत राहिली. हे जुनं झालं म्हणावं, तर डिसेंबर 1993 मध्ये अमृतसरमध्ये पोलिसांनी चार बायकांच्या कपाळांवर 'जेब कतरी', म्हणजे पाकीटमार, अशी अक्षरं गोंदवली. प्रकरण मानवी हक्क आयोगापर्यंत आणि उच्च न्यायालयापर्यंत गेलं. कपाळावरची अक्षरं काढायला प्लास्टिक सर्जरीचा आधार घ्यावा लागला. सीबीआय न्यायालयाने पोलिसांना दोषी ठरवलं ते 2016 साली. 'दीवार' आपण सगळ्यांनी पाहिलाय. 1975 च्या त्या चित्रपटात पोराच्या हातावर बापाची बदनामी गोंदवली जाते आणि तो हात घेऊनच पोरगा मोठा होतो. सुई तीच, शाई तीच. फरक एवढाच, की कोणी विचारलं नव्हतं.

आता आपल्या घरात येऊ. माझ्या आजीच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके होते आणि मनगटावर तुळशीवृंदावन. मेल्यावर दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं, असं ती अभिमानाने सांगायची. पण आठव्या वर्षी जत्रेत दोघी बायकांनी धरून ठेवलं आणि ती गुरासारखी ओरडली, हेही तीच सांगायची. परंपरेच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी हे दुसरं वाक्य विसरू नये. पुढे माझी मावशी शहरात नोकरीला लागली आणि कपाळावरचं गोंदण पावडरने झाकू लागली. तिचा डागिना ऑफिसात डाग ठरला होता. तिचीच नात आता पैसे साठवून दंडावर टॅटू काढून घेते. चार पिढ्यांत कातडी बदलली नाही, बघणारे बदलले.

आणि काही वण कातडीवर नसतातच. छत्तीसगडमधल्या रामनामी समाजाला जातीमुळे देवळाची पायरी चढू दिली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांनी रामाचं नाव अंगभर, काहींनी तर कपाळापासून पावलांपर्यंत गोंदवून घेतलं. देऊळ तुमचं असेल, अंग तर आमचं आहे ना! अपमानाच्या वणावर गोंदण कसं करावं, हे त्यांच्याकडून शिकावं. त्यांनी काही लपवलं नाही. दार अडवणाऱ्यालाच त्यांनी वाचायला लावलं.

'आहे ते स्वीकारा' म्हणणाऱ्यांना मी स्तनाच्या कर्करोगाचं उदाहरण देतो. शस्त्रक्रियेनंतर काही बायका हरवलेलं स्तनाग्र हुबेहूब गोंदवून घेतात. सपाट कातडीवर केवळ छायेच्या खेळाने उठाव दिसतो. काही जणी त्या जागी फुलांची फांदी काढून घेतात. काही जणी काहीच करत नाहीत, तशाच पदर सावरून कामाला लागतात. पहिलीने स्वतःला फसवलं, दुसरीने मिरवलं आणि तिसरीच काय ती खरी धीट, असं म्हणायची कोणाची छाती आहे? तिघींनी आपल्या अंगाचा कारभार आपल्या हातात घेतला. आजाराने, सुरीने, औषधांनी जे न विचारता घडवलं, त्याच्यावर शेवटचा हात स्वतःचा फिरवला. कोरं ठेवणं हाही त्यातलाच एक हात.

धोका आहे तो याच्या पुढच्या पायरीवर. आज 'तू ते झाकून घेतलंस, बरं केलंस' म्हणणारे उद्या 'तू अजून झाकलं नाहीस?' असं विचारतील. भाजलेल्या चेहऱ्याची मुलगी लग्नाच्या बाजारात आधीच उणी धरली जाते. तिच्यापुढे सुंदर होण्याची आणखी एक अट येईल. मनगटावरच्या रेघा पानांखाली गेल्या म्हणजे मन बरं झालं, असं घरचे समजतील आणि डॉक्टरची पुढची भेट टळेल. हे घडलं तर गोंदण पुन्हा अमृतसरच्या बाजूला जाईल. पोलीस नसतील, पण मर्जी आपली नसेल.

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या फराळाला पाहुणे येतील. एखादीची बाही जरा वर सरकेल आणि एखादा वण दिसेल, किंवा वणावरचं पान दिसेल. लगेच विचारू नका. 'छान आहे' म्हणायचं असेल तर पानाला म्हणा आणि चकली पुढे करा. गोष्ट सांगायची असेल तर ती सांगेल. सांगितली, तर मधे बोलू नका.