आम्ही की आपण?

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन वेगळे शब्द आहेत. जर्मनमध्ये दोन्हींसाठी एकच: ‘वीर’. बर्लिनमध्ये मास्टर्स करताना फुटबॉलच्या गर्दीत हा शब्द कानावर आला की मला प्रश्न पडायचा, यांनी मला त्यात धरलंय का? आणि धरलं असेल, तर कशाच्या बळावर?

युनियन बर्लिन हा शहराच्या पूर्वेकडच्या क्योपेनिकमधला क्लब. 2004 साली तो पैशांअभावी बुडायला आला, तेव्हा चाहत्यांनी रक्त देऊन मिळालेला मोबदला क्लबला दिला. 2008-09 मध्ये मोडकळीला आलेलं स्टेडियम 2,000 हून जास्त लोकांनी सुमारे 1,40,000 तास फुकट राबून नव्याने उभं केलं. आपल्याकडचं श्रमदानच! 2019 च्या ऑगस्टमध्ये क्लब बुंडेसलिगातला आपला पहिला सामना खेळला, तेव्हा लोकांनी हा दिवस न पाहता गेलेल्या चाहत्यांचे फोटो हातात धरले होते. त्यांच्या ‘वीर’मध्ये गेलेली माणसंही होती.

माझं घर आंबेनळी घाटाखाली, पोलादपूरच्या बाजूला. आमच्याकडे पालखीला पहिला खांदा कोणी द्यायचा, हे भावकीवरून ठरतं. म्हणजे जन्मावरून. पण 2021 च्या जुलैत इथे दरडी कोसळल्या, महाडचं तळीये गाडलं गेलं, घाट बंद झाला, तेव्हा चिखल उपसणाऱ्याला कुणी वाडी विचारली नाही. ‘आपण’ जन्माने नाही, कामाने होतो, असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं.

पण ते पुरेसं नाही. ज्याने तेव्हा सिमेंट ओतलं, त्याचा नातू उद्या त्याच जोरावर मान मागेल, आणि पुन्हा एक भावकी तयार होईल. शिवाय 2019 च्या त्याच सामन्यात युनियनचे चाहते पहिली पंधरा मिनिटं मुद्दाम गप्प राहिले होते. समोर लाइपझिग होता, एका शीतपेय कंपनीच्या पैशावर उभा राहिलेला क्लब. निषेध मला पटतो. तरीही लाइपझिगमध्ये वाढलेल्या दहा वर्षांच्या पोराचा ‘वीर’ खोटा कसा ठरवायचा? त्याने कंपनी निवडली नव्हती. तो त्याच्या गावातला संघ होता.

म्हणून मला वाटतं, ‘आपण’ हा कमावलेला हक्क नाहीच. ती उचल आहे. शब्द आधी उच्चारायचा आणि मग फेडत राहायचं. त्यामुळे नवा माणूस दाराबाहेर राहत नाही, आणि जुन्याचंही खातं कधी बंद होत नाही.

क्रिकेटमध्ये भारत जिंकला की आपण म्हणतो, ‘जिंकलो’. हरला की म्हणतो, ‘हरले’. एका क्रियापदात अंग काढून घेतो. युनियनच्या मैदानावर रीत अशी, की स्वतःच्या खेळाडूंची हुर्यो उडवायची नाही आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत जागा सोडायची नाही. एका थंडगार संध्याकाळी तीन गोल खाल्ल्यावरही शेजारचे म्हातारे गृहस्थ गात होते. ‘हरलो’ असं म्हणता येतं का, एवढंच त्या उचलीचं व्याज. मी गाण्याचे शब्द नीट येत नसताना उभा राहिलो होतो.